पिक्चरला पाट्याच न्हाईत

माझे दाजी तात्याबा कोळपे यांनी आयुष्यात एकही पिक्चर सुरुवातीपासून बघितलेला नव्हता. तरीसुद्धा मांडवगण फराट्यात नवा पिक्चर कसा आहे हे लोक त्यांनाच विचारत. यात दोष दाजींचा की गावाचा, यावर मी बोलणार नाही. मी माऊली, त्यांचा मेहुणा. मेहुण्यानं दाजींबद्दल खरं सांगितलं तरी लोक थट्टाच समजतात, आणि थट्टा केली तर बहीण रागावते.

उशिराचं कारण दूध. दाजींच्या दोन जर्सी गाई. संध्याकाळची धार काढायची, कॅन घेऊन डेअरीवर जायचं, दुधाची फॅट मोजून होईपर्यंत थांबायचं, घरी येऊन वैरण टाकायची आणि मग मोटरसायकलला किक मारायची. शिरूर गाठा नाहीतर दौंड, थेटरात पोचेपर्यंत हिरोच्या बापाचा खून झालेला असायचा आणि हिरोला दाढी आलेली असायची. दाजी अंधारात लोकांचे पाय तुडवत खुर्ची शोधायचे आणि बसल्या बसल्या शेजारच्याला विचारायचे, "काय झालं आतापतूर?" शेजारचा काही सांगायचा नाही. मग काय झालं असेल ते दाजी स्वतःच ठरवायचे.

ते ठरवणं ऐकायला सकाळी डेअरीवर माणसं थांबायची. तिथल्या डेअरीवर दूध मोजायला मल्हार नावाचा गडी आहे. तो कॅन ओतता ओतता विचारायचा, "तात्या, काल कंचा?" की रांगेतले लोक आपापले कॅन खाली ठेवायचे.

मधे तो दाढीवाल्या हिरोचा डब केलेला पिक्चर आला होता, हिरो एका हातानं ट्रक अडवतो तो. दाजी म्हणाले, "गड्यात ताकद हाय, पर घरी वळण न्हाई. एवढी मानसं मारली, एकाच्या बी घरी सुतक दाखवलं न्हाई." आणि मारली कशासाठी? तर म्हणे विलननं हिरोच्या बापाची पाण्याची पाळी चोरली होती. रात्रीची पाळी होती, बाप पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेला, तिथंच घात झाला. हे दाजींनी इतकं रंगवून सांगितलं की दोन म्हातारे गलबलले. मल्हारनं तोच पिक्चर मोबाइलवर बघितला होता. तो म्हणाला, "आवो तात्या, त्याचा बाप खाणीचा मालक व्हता. पाण्याचा काय संबंध?"

"खाणीत पाणी लागतंच की," म्हणत दाजींनी कॅन उचलला.

ऐतिहासिक पिक्चरबद्दल त्यांचं म्हणणं, घोडी चांगली असतात पण मावळ्यांचे दात फार पांढरे. भुताच्या पिक्चरवरून आले तेव्हा म्हणाले, "भूत गुणाचं हाय, पर त्याला कामच न्हाई. नुसतं दारात उभं ऱ्हातंय. आपल्याकडं असतं तर ग्रामपंचायतीला उभं केलं असतं." कॉलेजातल्या पोरापोरीचा एक रडका पिक्चर आला, त्यात पोरीचा बाप लग्नाला नाही म्हणतो. का नाही म्हणतो ते सुरुवातीलाच होऊन गेलेलं. दाजींनी सांगितलं, दोघांच्या बापांचं बांधावरनं भांडण होतं, एकानं दुसऱ्याची बाभळ तोडली होती. तो पिक्चर परदेशात घडतो हे मला ठाऊक होतं. पण खरं सांगतो, मूळ गोष्टीपेक्षा दाजींची बाभळ बरी वाटली.

शेवटही दाजी पुरता बघत नसत. विलन आडवा झाला की हे उठलेच. स्टँडवरनं गाडी काढायला गर्दी होते म्हणून. म्हणजे मधला दीड तास बघून माणूस पुढचं मागचं घरचं लावायचा आणि ठणकावून मत द्यायचा. ते मत डेअरीच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकायचा, त्यात मागून गाय हंबरत असायची. त्या मतावर आख्खं गाव पिक्चरला जायचं नाहीतर घरी बसायचं.

आता प्रगतीबद्दल सांगतो. प्रगती म्हणजे दाजींची एकुलती लेक, माझी भाची. बारावी झाल्यावर ती म्हणाली, पुण्याला जाऊन आवाजाचं शिक्षण घेणार. दाजी म्हणाले, "आवाज ऐकायला कालेज कशाला? कान साफ कर, सगळं ऐकू येतंय." माझी बहीण कुशाबाई, तिला मी आक्का म्हणतो, काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं भाकऱ्या बांधल्या आणि पोरीला स्वतः यष्टीत बसवून आली. त्यानंतर कितीतरी दिवस दाजी लेकीशी बोलत नव्हते. आक्काचा फोन स्पीकरवर असला की गाईला सांगायचे, "इचार तिला, जेवली का." प्रगती पलीकडून गाईलाच उत्तर द्यायची.

शिकून ती पिक्चरच्याच कामाला लागली. काम असं, की शूटिंगच्या वेळी बारीकसारीक आवाज नीट येत नाहीत. चपलेचा, भांड्याचा, दाराच्या कडीचा. ते आवाज नंतर एका बंद खोलीत बसून कुणीतरी वाजवून घेतं. हे कुणीतरी म्हणजे आमची प्रगती. मला हे काम फार आवडलं. पण "लेक काय करती?" या प्रश्नाला "आवाज काढती" हे उत्तर दाजींच्या तोंडातून निघेना. ते गावात सांगायचे, "पुण्यात हाय, कंप्यूटरवर." पुण्यात सगळेच कंप्यूटरवर असतात, त्यामुळे कुणी पुढचं विचारलं नाही.

असं चाललेलं असताना तिनं काम केलेला एक मराठी पिक्चर लागला. तिनं आक्काला फोन केला, "आई, पडद्यावर माझं नाव येतंय." दाजी गोठ्यात होते. त्यांनी हातातला पेंढा टाकला आणि स्वतः फोनपाशी येऊन विचारलं, "पाट्यात?"

पिक्चर सुरू होताना पडद्यावर जी नावं पडतात, त्यांना आमच्याकडं पाट्या म्हणतात. दाजींच्या लहानपणी गावात पडदा लावून पिक्चर दाखवायचे, तेव्हा पाट्या पडायला लागल्या की माणसं घराघरातून पळत यायची. प्रगती हो म्हणाली. पाट्या आता कुठं असतात, हे बापाला वेगळं सांगावं लागेल असं तिच्या मनातही आलं नसणार.

झालं. उशिरा जाणाऱ्या माणसानं वेळेत जायचं ठरवलं. त्या दिवशी गाईंची धार उन्हातच काढली. एकीनं लाथ मारली, दुसरीनं पान्हा चोरला. मल्हारला फोन करून डेअरी लवकर उघडायला लावली, तेव्हा त्यानं विचारलं, "तात्या, कुणाचं लगीन हाय का?" माझं यवतला हायवेच्या कडेला विहिरीवरच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग भरून द्यायचं दुकान आहे आणि मोटारी आणायला एक पिकअप आहे. ती घेऊन मी त्यांना न्यायला गेलो. आक्का नवं लुगडं नेसून तयार होती. ती याआधी थेटरात कधी गेली नव्हती.

शिरूरच्या थेटरात आम्ही सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. झाडूवाला अजून आतच होता. तंबाखूची सूचना पडद्यावर आली तेव्हा दाजींनी तीही अक्षर न् अक्षर वाचली आणि बाहेर जाऊन तोंडातली तंबाखू थुंकून आले. मग नावं सुरू झाली. आक्काला वाचता येत नाही, त्यामुळे ती पडद्याकडं न बघता दाजींच्या तोंडाकडं बघत होती. निर्मात्याचं नाव आलं, सहनिर्मात्यांची आली, हिरोइनचं आलं, मग पिक्चरचं नाव आलं आणि एकदम पडद्यावर सकाळ होऊन कोंबडा आरवला.

"संपल्या पाट्या?" दाजींनी मला विचारलं.

"संपल्या वाटतं."

"आन् प्रगती?"

मी काय सांगणार? मला कळायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. पण मी मोबाइलवर बघणारा माणूस. पिक्चर संपला की मोबाइल लगेच आपला आपण दुसरं काहीतरी सुरू करतो. शेवटी काय असतं ते मीही कधी बघितलं नव्हतं.

पिक्चर एका विधवा बाईचा होता. ती, तिची म्हैस आणि घरातली शांतता. मला बरा वाटला. दाजी मात्र दोन तास हाताची घडी घालून बसले होते. बाई पडद्यावर शेवटचं दार लावून आत गेली आणि काळोख झाला, तसे ते उठले आणि आक्काला हाताला धरून बाहेर घेऊन आले. पिकअपमध्ये बसल्यावर एवढंच म्हणाले, "फसवलं पोरीला. राबवून घेतलं आन् नाव गाळलं." आक्का घरापर्यंत गप्प रडत होती.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर दाजींचा आवाज आला. "मंडळी, शिरूरला बाई-म्हशीचा पिक्चर लागलाय, कुणी जाऊ नगा. पिक्चरला पाट्याच न्हाईत. ज्यांना आपल्या कामाच्या मानसांची नावं घ्यायची लाज वाटती, त्यांचा पिक्चर बघून आपन पापाचं धनी व्हायचं न्हाई. बाई दोन तास घरातच बसली हाय. म्हशीनं तेवढं काम बरं केलंय." मागून गाय हंबरली. लेकीचं नाव त्यात कुठंच नव्हतं. ते घ्यायचं तर ती काय करते हेही सांगावं लागलं असतं.

गावातून एक माणूस गेला नाही. चार दिवसांत शिरूरच्या थेटरवाल्यानं पिक्चर उतरवला. एकट्या दाजींमुळे उतरला असं मी म्हणत नाही, पण त्यांनी हातभार लावला.

मग मला प्रगतीचा फोन आला. "मामा, बाबांनी नाव बघितलं का? ते फोनच घेत न्हाईत."

मी झालेलं सगळं सांगितलं. ती इतकी हसली की मी फोन कानापासून लांब धरला. "अहो मामा, आमची नावं शेवटी असतात. बारीक अक्षरात, खालून वर जातात. तुम्ही दोन मिनिटं थांबला असता तर..." आणि मग तिचं हसू थांबलं. "अजून कुठं लागलाय का वो?"

मी शोधलं. सगळीकडं उतरला होता. एका दौंडला गुरुवारी दुपारचा बाराचा खेळ तेवढा राहिला होता. शुक्रवारी नवा पिक्चर येणार. मी थेटरच्या मॅनेजरला फोन केला तर तो म्हणाला, "दहा तिकिटं तरी फाडायला लागतील. न्हाईतर लावून खुर्च्यांना दाखवू का?"

मी तडक मांडवगणला गेलो. दाजी कडबा कापत होते. मी सांगितलं, तसे ते कुट्टी यंत्राला टेकून खालीच बसले.

"शेवटी? शेवटी कोण थांबतंय रं?"

"कुणीच न्हाई, दाजी."

"मग लिहित्यात कशाला?"

आक्का आतून बाहेर आली. "माझ्या लेकीचं नाव हाय ना? मग मला बघायचं. दहा काय, वीस मानसं गोळा करा. तुमच्याच तोंडानं बंद पाडलाय, तुमच्याच तोंडानं चालू करा." आक्काला एवढं बोलताना मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

गुरुवारी सकाळी दाजी डेअरीवर कॅन घेऊन उभे राहिले, पण कॅन पुढं करेनात. मी मुद्दाम शेजारी होतो. एका माणसाला स्वतःचं मत गिळताना बघायची संधी रोज मिळत नाही.

"मंडळी," दाजी म्हणाले, "दौंडला बाई-म्हशीचा पिक्चर हाय. बाराला. चांगला हाय. समद्यांनी चला."

मल्हारनं खिशातून मोबाइल काढला आणि दाजींचाच आवाज लावला. "कुणी जाऊ नगा. पिक्चरला पाट्याच न्हाईत..." गाईच्या हंबरण्यापर्यंत आख्खा ऐकवला.

"तवा मी शेवट बघितला नव्हता," दाजी म्हणाले.

"तुम्ही कवा बघता?" मल्हारनं विचारलं.

"ह्याचा शेवट लई झकास हाय."

"काय हाय शेवटी? बाई मरती का?"

"न्हाई."

"म्हैस मरती?"

"आरं न्हाई! शेवटी... नावं हायेत."

"नावं?" रांगेत दगडाबाई उभी होती. शेजारच्या वस्तीवरची, जुनं खोड, आक्काची मैत्रीण. "नावं बघायला दौंडला? मतदार यादी हाय का काय?"

लोक हसले. दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं. मदत करता आली असती, पण हे त्यांनीच सांगायला हवं होतं.

"माझ्या प्रगतीचं नाव हाय त्यात," दाजी म्हणाले.

"ती तर कंप्यूटरवर हाय ना?"

"न्हाई. ती..." दाजींनी घसा साफ केला. "ती आवाज काढती."

"कसला?"

"चपलीचा. भांड्याचा. दार लावल्याचा."

दगडाबाईनं हनुवटीवर बोट ठेवलं. "दार लावल्याव आवाज आपसूक येत न्हाई व्हय?"

आणि मग दाजी भडकले. इतक्या वर्षांत मी त्यांना लेकीच्या बाजूनं भडकलेलं बघितलं नव्हतं. "न्हाई येत! पिक्चरमधी काय बी आपसूक येत न्हाई. समदं मुकं असतंय. मानूस चालतोय तर पाय वाजत न्हाई, लोटा पडतोय तर लोटा वाजत न्हाई. माझी पोरगी तिथं बसती म्हनून वाजतंय! तुमचा त्यो ट्रक अडवणारा हिरो बी तिच्याबिगर मुकाच हाय!" त्या हिरोच्या पिक्चरशी प्रगतीचा काही संबंध नव्हता, पण मी बोललो नाही.

मल्हारनं मोबाइल खिशात ठेवला. "आधी का सांगितलं न्हाई, तात्या?"

"लाज वाटत व्हती," दाजी सरळ म्हणाले. "काम मला नीट सांगता येत नव्हतं, म्हनून लपवत बसलो. चुकलंच."

माणसं दुधाचे कॅन तिथंच ठेवून कपडे बदलायला गेली. अकरा वाजता पिकअपमध्ये मागं मल्हार, दाजी आणि आणखी आठ जण उभे होते आणि पुढं माझ्याशेजारी आक्का आणि दगडाबाई. दगडाबाईनं वाटेत खायला शेंगा आणल्या होत्या. दौंडच्या मॅनेजरनं आमची गाडी बघितली आणि विचारलं, "लग्नाचं वऱ्हाड का?"

आत आमच्याशिवाय दोन-तीन जोडपी होती. त्यांची मला कीव येते, कारण आमच्या लोकांनी तो पिक्चर बघितलाच नाही, तो त्यांनी ऐकला. बाई अंगणातून चालली की मल्हार ओरडायचा, "ही चप्पल प्रगतीची!" कडी वाजली की दाजी मागं वळून म्हणायचे, "बघा. आपसूक न्हाई." बाईचा नवरा गेल्याची बातमी येते आणि तिच्या हातातून तांब्या पडतो, तो सगळ्यात दुःखाचा प्रसंग. तांब्या असा घरंगळत वाजला की आमच्या आख्ख्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. पुढच्या जोडप्यातली पोरगी डोळे पुसत होती, तिनं वळून आमच्याकडं असं बघितलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग बाई चुलीपुढं बसली. भाकरी थापायला लागली. थप, थप, आणि मधे बांगड्यांचा खळ्ळ आवाज. आक्का खुर्चीतून पुढं सरकली.

"आगं बया," ती म्हणाली, "ही माझी भाकर हाय."

दिवाळीत प्रगती घरी आली होती, तेव्हा तिनं चुलीपाशी एक केसाळ माईक धरला होता. आक्का म्हणाली होती, "भाकर ऐकतीस काय, खा की." पोरीचा काहीतरी खेळ चाललाय असं समजून ती विसरून गेली होती. आता पडद्यावर दुसरीच बाई हात हलवत होती आणि थापणं आक्काचं होतं. दाजींनी मान तिरकी करून ऐकलं. "व्हय," ते म्हणाले, "तिसऱ्या थापेला तू थांबतीस, तसंच हाय." त्यांनी आक्काच्या हाताकडं बघितलं.

बाईनं शेवटचं दार लावलं. काळोख झाला. जोडपी उठली. दगडाबाई ओरडली, "खाली बसा वो पावणं, खरा पिक्चर आता हाय!" जोडपी बिचारी घाबरून बसलीसुद्धा. खालून बारीक बारीक नावं वर यायला लागली, आणि तेवढ्यात डोअरकीपरनं पडद्याशेजारचं दार सताड उघडलं. बाहेर दुपारचं कडक ऊन. ते सगळं पडद्यावर सांडलं आणि नावं धुऊन निघाल्यासारखी फिकी पडली.

दाजी उठून पळाले. साठीचा माणूस खुर्च्यांवरून कसा गेला ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी दार ओढून लावलं. कडी बसेना, म्हणून पाठ लावून उभे राहिले. बाहेरून डोअरकीपर ढकलायला लागला. "आरं कोन हाय आत?"

"थांब! नावं चालल्यात!"

अंधार परत झाला आणि नावं दिसायला लागली. पण दाजी पडद्याच्या अगदी कडेला, त्याच्याच खाली उभे. तिथून त्यांना वर बघितलं तर नुसत्या पांढऱ्या रेघा जाताना दिसत होत्या.

"आलं का?" त्यांनी विचारलं.

"अजून न्हाई," मी म्हणालो.

कपडेवाले गेले, लाइटवाले गेले, ड्रायव्हर गेले, चहा देणारे गेले. मी मोठ्यानं वाचत होतो. म्हशीच्या मालकाचं नाव आलं तेव्हा दगडाबाई म्हणाली, "चांगली मानसं हायेत." दाजींच्या पाठीमागं दार धाडधाड वाजत होतं.

मग 'ध्वनी' असा शब्द आला. त्याच्याखाली नाव. मी वाचलं आणि माझी जीभ अडकली. पण मल्हारची अडकली नाही. तो उभा राहून ओरडला, "प्रगती कुशाबाई कोळपे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मल्हारच्या ध्यानात आलं आणि त्याच्या टाळ्या थांबल्या.

"काय?" दाजी दारापासून म्हणाले. "माऊली, परत वाच."

नाव वर सरकत होतं. मी वाचलं, "प्रगती कुशाबाई कोळपे."

शाळेच्या दाखल्यापासून आधार कार्डापर्यंत त्या पोरीच्या नावात मधे दाजी होते. इथं मधे आक्का होती. दाजींना लागलं. लागणारच. ज्या माणसाला दहा माणसं गोळा करून, दार पाठीवर घेऊन नाव बघायचं होतं, त्याला ते बघायला मिळालं नाही आणि ऐकायला मिळालं तर त्यात तो नव्हता. मला भाचीचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी दाजींचं वाईट वाटलं. दोन्ही खरं होतं.

आक्का गोंधळली. "आगंबाई, माझं कशाला? बापाचं लावायचं सोडून? वेडी का काय पोरगी?"

दार वाजत राहिलं.

"असू दे," शेवटी दाजी म्हणाले. "बरोबर हाय तिचं. यष्टीत कुणी बसवलं? तू. पिक्चरात भाकर कुणाची वाजली? तुझी. माझं काय वाजलं त्यात?"

"तोंड," दगडाबाई म्हणाली.

आधी दाजीच हसले, मग आम्ही. हसता हसता त्यांची पाठ दारावरून सुटली आणि डोअरकीपर उन्हासकट आत पडला. नावं संपली होती. पडदा नुसता पांढरा झाला होता. जोडपी संधी साधून पळाली. आमचे लोक शेंगांची टरफलं झटकत उठले.

आक्का उठली नाही. "माऊली," तिनं मला विचारलं, "एवढी नावं गेली. त्यातलं माझं कंचं व्हतं?"

दाजी तिच्याजवळ येऊन उभे राहिले. "दाखव तिला," ते मला म्हणाले. "मला बी दाखव."

मी पडद्यापाशी गेलो. हात उंच करून, जिथं ते नाव मी पहिल्यांदा वाचलं होतं तिथं बोट ठेवलं. "हितं व्हतं, आक्का. पहिलं प्रगती. मग तू."

आक्का उठून पडद्यापर्यंत आली आणि मान वर करून त्या जागेकडं बघायला लागली. दाजी तिच्या शेजारी उभे राहून तिकडंच बघत होते. डोअरकीपर कपडे झटकत आमच्यापाशी आला.

"मावशी, चला आता. पिक्चर संपला. काय दिसतंय तिथं?"

आक्कानं त्याच्याकडं मान वळवली नाही.

"थांब रं बाबा," ती म्हणाली. "बघतीय नव्हं मी."